हृदयाचे थेंब आणि डोंगरचा कांदा

हे मी हौसेने लिहीत नाही. सांगून सांगून दमले म्हणून लिहिते. आसपासच्या गावांत कुणाचे पाय सुजले, कुणाला घागर उचलताना धाप लागली, की त्या घरची बाई दुपारची आमच्या ओट्यावर येऊन टेकते आणि विचारते, "अनसूवहिनी, तुम्हाले ते छातीना थेंब व्हतात ना?" मग मी पहिल्यापासून सुरू करते. निम्म्यात मलाच दम लागतो, ती बाई घाबरते, आणि तिच्यासाठी चहा पुन्हा मलाच टाकावा लागतो. त्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

मी काही डॉक्टर नाही. मराठी सहावीपर्यंत शिकले आणि लग्न झालं. हृदय आत कसं चालतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या घरात काय झालं, तेवढं पक्कं ठाऊक आहे.

धाप

आमचं गाव तापीच्या काठचं, नंदुरबारपासून बैलगाडीच्या वाटेवरचं. घरात आम्ही चौघं. माझे यजमान, त्यांची आई, आमची मुलगी कमळी आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

लहानपणी माहेरी एकदा माझे सगळे सांधे सुजले होते. बरेच दिवस अंथरुणात होते, मग बरी झाले आणि ते दुखणं सगळे विसरून गेले. ते माझ्या छातीत जाऊन बसलं होतं हे कळायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

आधी नदीचा चढ चढताना धाप लागायची. मग अंगण झाडताना लागायला लागली. मग नुसतं भाकरीचं पीठ मळतानाही मधे थांबावं लागे. पाय संध्याकाळी असे सुजायचे की जोडवी रुतायची. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीशी गोधड्यांचा ढीग रचून मी बसूनच झोपायची. बसून झोपलेल्या माणसाला सकाळी जो शीण असतो, तो कुणाला सांगून कळत नाही. आत्याबाईंना आधी तो आळसच वाटला, आणि तसं त्या बोलल्याही. मला राग यायचा, पण भांडायला लागणारा दम कुठून आणायचा?

डॉक्टर म्हणाले, झडप

शेवटी यजमानांनी गाडी जुंपली आणि मला नंदुरबारला नेलं. तिथे एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. डॉक्टर पुण्याकडचे, येऊन फार दिवस झाले नव्हते. बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. आमची अहिराणी त्यांना अर्धी कळायची, आणि उरलेली अर्धी कळली असं ते समजायचे.

त्यांनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, कुशीवर वळायला लावलं. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटायला लागली. नळी काढून ते यजमानांना म्हणाले, "हृदयाची झडप बिघडली आहे. पूर्वीच्या सांध्यांच्या दुखण्याने. आता हृदय फार धावतंय आणि तरी काम पुरं होत नाही."

बरोबर आलेल्या आत्याबाई दाराशी बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "दख! मी कवयनी सांगी ऱ्हायनू, बाहेरनं झडपेल शे. डाक्टरनी बी तेच सांगं!"

"आजी, तशी झडप नाही हो. दाराला असते तशी."

"हां, दारमाच झडपं तिले. तिन्हीसांजले उंबरठावर बठेल व्हती."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. यजमान हसले, आणि मला इतक्या भीतीतही हसू फुटलं, त्यामुळे खोकल्याची उबळ आली. घरी जाऊन आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. कुणाचं काही बिघडलं नाही. एकच शब्द, डॉक्टरांनी दाराचा घेतला, आत्याबाईंनी भुताने झडपल्याचा, एवढंच. तेव्हा ती गंमत वाटली.

थेंब

औषध म्हणजे एका तपकिरी बाटलीतला अर्क. कुठल्याशा विलायती झाडाच्या पानांचा, असं डॉक्टर म्हणाले. जेवण झाल्यावर पाण्यात मोजून थेंब टाकायचे. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. "हे औषध फार गुणाचं आहे आणि फार वाईटही आहे," ते म्हणाले. "गुण येतो तिथून विष थोड्याच अंतरावर असतं. दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. मीठ जवळजवळ बंद. उपास बंद."

थेंब मोजायचं काम आत्याबाईंनी स्वतःकडे घेतलं. डोळ्यांशी वाटी धरून त्या मोजायच्या, मोजताना कुणी बोललं तर ओरडायच्या.

आणि गुण आला. छातीतली धडधड आधी उतरली, मग पायांची सूज ओसरली. एका सकाळी जाग आली तेव्हा मी आडवी झोपले होते. माझं मलाच खरं वाटेना. पाठ जमिनीला लागलेली असणं हे केवढं सुख आहे, हे निरोगी माणसाला कधी कळणार नाही. मी तशीच पडून रडले.

फक्त घोट्यांवरची थोडी सूज आणि कोरडा खोकला काही जाईना. डॉक्टरांना ते चालण्यासारखं होतं, आत्याबाईंना नव्हतं.

आषाढातला प्रश्न

आत्याबाईंनी त्या सुजेसाठी बाजारातून डोंगरचा कांदा आणला. तोरणमाळकडून डिंक, मध, चारोळ्या घेऊन ज्या बायका उतरतात त्यांच्याकडे तो मिळतो. दिसायला अगदी कांदा, तसेच पापुद्रे, तसाच बुडखा. सुजेवर आणि खोकल्यावर आमच्याकडे तो पूर्वीपासून देतात. राखेत भाजायचा, रस काढायचा, मधात कालवून चाटवायचा. आत्याबाईंच्या घरी त्यांच्या आईने दिलेला, त्यांच्या सासूने दिलेला.

पण त्या बेफिकीर बाई नव्हत्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी मला तो दिला नाही, हे मी मुद्दाम लिहिते. पुढच्या खेपेला त्या दवाखान्यात आल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "डाक्टरदादा, हिले कांदा चालस का?"

आषाढ चालू होता. चातुर्मास तोंडावर आलेला. कांदा-लसूण सोडण्याचे दिवस. डॉक्टरांनी आधीच उपासांवरून आत्याबाईंशी हुज्जत घातलेली होती. ते हसून म्हणाले, "चालतो की! रोज द्या. चातुर्मास-बितुर्मास हिने काही पाळायचा नाही."

आत्याबाई परतीच्या वाटेवर खुशीत होत्या. दुसऱ्या दिवसापासून चाटण सुरू झालं. कडू जहर. मी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "डाक्टरनी सांगं, रोज दे. आते गपचूप चाट." मी चाटायची. मलाही वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय.

त्या स्वतः तेव्हा चातुर्मासाचा कांदा सोडून बसल्या होत्या. तरी रोज हा कांदा हाताने भाजत होत्या, कारण देवापुढे तो कांदा नव्हताच, औषध होतं. आणि डॉक्टरांपुढे ते औषध नव्हतं, कांदा होता.

दूध पिवळं झालं

आधी अन्नावरची वासना गेली. भाकरीच्या नुसत्या वासाने पोट ढवळायचं. मग उलट्या. पोटात काही नसतानाही उलट्या, नुसतं कडू पाणी. हातापायांतलं बळ असं गेलं की वेणीसुद्धा घालवेना. छातीत दोन ठोके लागोपाठ पडायचे आणि मग काहीच नाही. त्या मधल्या रिकाम्या जागेत मी वाट बघायची, आता पुढचा येतो की नाही. दिवसभर स्वतःचे ठोके ऐकत बसण्यासारखं दमवणारं काम नाही.

मग एका सकाळी कमळीने दूध आणून दिलं आणि मी तिच्यावर खेकसले, "दूधमा हयद काबर टाकी?"

"कोठे टाकी, माय? पांढरंच शे."

मी यजमानांकडे पाहिलं. हळद दुधातच नव्हती. त्यांचं धोतर पिवळट, टोपी पिवळट, भिंतीचा चुना पिवळा. दिव्याभोवती तर कडंच पडायचं. आत्याबाईंनी माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि कावीळ झाली म्हणून सांगून टाकलं. माझे डोळे पांढरेशुभ्र होते, तरी कावीळ उतरवायला चुन्याच्या पाण्याने माझे हात धुऊन झाले. त्या दिवशी मी चक्कर येऊन चुलीशी पडले, आणि यजमानांनी भर पावसात गाडी जुंपली. चिखलात चाक रुतलं की ते खाली उतरून खांदा लावत. माझ्याकडे ते बघत नव्हते.

दवाखान्याची खोली

डॉक्टरांनी पिवळं दिसतंय ऐकलं मात्र, मनगट धरलं आणि ते सोडेनातच. "थेंब जास्त गेलेत," म्हणाले. "आजपासून थेंब बंद." मला तिथेच ठेवून घेतलं.

लांबट खोली, थोड्या खाटा, कार्बोलिकचा वास. सकाळी आया फरशी पुसायची, मग डॉक्टर येऊन नाडी बघायचे, मग दिवसभर काही नाही. पावसाचे ओघळ बघायचे. तेही पिवळे. जेवण आपापल्या घरच्यांनी करायचं, म्हणून मागच्या पडवीत रुग्णांच्या बायामाणसांच्या चुली होत्या. आत्याबाईंनी तिथे तीन दगड मांडले. पिशवीतून तांदूळ, गूळ आणि कांदे निघाले. मी आजारी पडले होते, म्हणजे चाटण जास्तच गरजेचं होतं. डॉक्टर एकदा पडवीतून जाताना थांबले सुद्धा. "काय चाललंय आजी?"

"कांदा भुंजी ऱ्हायनू."

"वा!" म्हणून ते पुढे गेले.

थेंब बंद होऊनही मी खालावतच गेले. डॉक्टरांना काही उलगडेना. त्यांनी यजमानांना विचारलं, घरी थेंब किती द्यायचात? बाटली आणवली, उजेडात धरून बघितली. औषध हिशोबाने उरायला हवं तेवढंच उरलं होतं. पुन्हा विचारलं, "दुसरं काही औषध देता का? झाडपाला? भगताचं काही?" यजमान नाही म्हणाले. आत्याबाई शपथेवर नाही म्हणाल्या. मीही नाही म्हणाले. तिघंही खरं बोलत होतो, चाटण तर डॉक्टरांनीच रोज द्यायला सांगितलेलं, ते 'दुसरं' कुठे होतं? डॉक्टरांना वाटलं आम्ही लपवतोय, आणि यजमानांचा तोल गेला. "साहेब, मन्ही बायको मरी ऱ्हायनी, नि तुम्ही माले बाटलीना हिशोब इचारतस?"

डॉक्टरांनी बाटली बाजूला ठेवली. मग यजमानांना दाराबाहेर घेऊन गेले. दार पुरतं लागत नव्हतं. "नाडी अशीच राहिली तर हृदय मधेच थांबेल. हिच्या माहेरी कळवा," एवढं मी ऐकलं.

मला मरायचं नव्हतं. हे वाचायला साधं वाटेल, पण इतकी थकलेली असूनही मला मरायचं नव्हतं याचं मला तेव्हा नवल वाटलं. आजाराचा कंटाळा आला होता, जगण्याचा आला नव्हता. आमच्यासारख्या घरात चूल फार दिवस बाईविना राहत नाही. यजमानांनी दुसरं लग्न केलं असतं, करावंच लागलं असतं, आणि कमळी त्या बाईला माय म्हणाली असती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. यजमान आत आले, पायाशी बसले आणि माझी पावलं चोळत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तोवर त्यांनी माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता. मी ऐकलंय हे त्यांना कळलं होतं.

सुगराबी

शेजारच्या खाटेवर सुगराबी होती. नंदुरबारच्याच कल्हईवाल्याची बायको, मांडीला मोठं गळू झालेलं. तिला दुखणं एक आणि भूक दहाजणींची. मला झोप लागावी म्हणून स्वतःची उशी माझ्या पाठीला लावायची आणि स्वतः हातावर डोकं ठेवून पडायची. त्या खोलीत माझ्या वाट्याला आलेली माणुसकी म्हणजे ती उशी.

माहेरी निरोप गेला त्याच दिवशी आत्याबाई भाजलेला कांदा घेऊन आत आल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते, पण चाटण चुकलं नव्हतं. सुगराबी म्हणाली, "अम्मा, मेरे कू भी एक टुकडा देव ना. इधर का फीका खाना खाके जबान मर गई."

आत्याबाईंनी पानावर एक पापुद्रा ठेवून लांबूनच सरकवला. सोवळंओवळं त्यांचं जागेवर होतं. सुगराबीने त्यातला अर्धा भाकरीबरोबर तोंडात टाकला, चावला, आणि जी बोंब ठोकली! "या अल्ला! मार डाला बुढिया ने! ये प्याज है क्या जहर है?" थुंकतेय, जीभ पदराने पुसतेय, पाणी मागतेय. आया धावली. मागून डॉक्टर धावले.

"काय खाल्लंस?"

"प्याज! अम्मा का प्याज!"

डॉक्टरांनी पानावरचा उरलेला तुकडा उचलला. हुंगला. कांद्याचा वास नव्हता. जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, अख्खा कांदा आहे का तुमच्याकडे?"

आत्याबाईंनी पिशवीतून काढून दिला. "तुम्हीच सांगं ना, रोज दे म्हणीसन."

डॉक्टर तो हातात फिरवत माझ्या खाटेवर बसले. रुग्णाच्या खाटेवर ते कधी बसत नसत. "हा माझ्याही कपाटात आहे," ते म्हणाले. "बाटलीत. खोकल्यासाठी, सुजेसाठी. जे थेंबांत आहे तसलंच याच्यात आहे. मी थेंब बंद केले, आणि रोज तुम्ही..." त्यांनी कांदा पानावर ठेवून दिला. मग म्हणाले, "आणि मी माझ्या तोंडाने सांगितलं, रोज द्या म्हणून."

ते आत्याबाईंवर ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आत्याबाई जमिनीवर बसल्या आणि दोन्ही तळहात समोर धरून बघत राहिल्या. "मी इख दिनं तुले. मन्हा हाते."

मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं. पण मान उचलायचंही बळ नव्हतं.

त्यानंतर

चाटण थांबलं आणि थोडे दिवस जैसे थेच गेले. डॉक्टर दिवसातून कितीदा येऊन नाडी धरायचे ते त्यांनाच माहीत. मग उलट्या थांबल्या. ठोक्यांच्या मधली ती रिकामी जागा भरून आली. एक दिवस आयाची साडी मला पांढरी दिसली आणि मी तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "मळेल शे वं माय, धोवाले टाइम कोठे शे?"

डॉक्टरांनी आत्याबाईंना खुर्चीवर बसवून एकेक गोष्ट विचारली. या वेळी घाई नाही. घरात काय काय असतं, ते कसं दिसतं, कुठून येतं, कशाला देता. सोनामुखी? जुलाबाने अंगातलं बळ जातं आणि मग थेंब अंगावर उलटतात, म्हणून नको. कण्हेरीचं काहीही, लेप सुद्धा, नको. इसबगोल थेंबांबरोबर नको, नाहीतर थेंब पोटात अडकून बसतील. ज्येष्ठमध? "त्याचं मला माहीत नाही," ते म्हणाले, "माहीत नाही म्हणूनच नको." डॉक्टराला माहीत नाही असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

थेंब घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. 'औषध घेता का' या प्रश्नाला उत्तर देऊ नका. तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा. चाटण, काढा, प्रसाद, पानातला विडा, सगळं. नावाने सांगून भागत नाही. पदराला बांधून न्या आणि टेबलावर ठेवा. आणि अन्न नकोसं झालं, नाडी अडखळायला लागली, पांढरं पिवळं दिसायला लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

घरी आले, पण घर पहिल्यासारखं नव्हतं. आत्याबाई मला काही देईनात. पाणी मागितलं तर कमळीला हाक मारायच्या, "दे व्वा तुन्ही मायले." माझं ताट यजमानांना वाढायला लावायच्या. माझ्या भाकरीच्या पिठाला सुद्धा हात लावीनात. शेजारणी कुजबुजत होत्या ते त्यांच्या कानावर जातच असणार. मला त्या आजाराने जितकं थकवलं नव्हतं तितकं या गप्पपणाने थकवलं. माझ्यावर ज्या बाईने आळशी म्हणून तोंडसुख घेतलं होतं, तिचं ते तोंड मला परत हवं होतं.

गणपती होऊन गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा थेंब सुरू केले, पूर्वीपेक्षा कमी. यजमान बाटली घेऊन आले आणि नवी वाटी काढून माझ्यापुढे बसले. मोजायला लागणार तेवढ्यात मी म्हणाले, "तुम्ही नका. आत्याबाई देतील."

आत्याबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. "नको वं माय. मन्हा हात थरथरस."

"थरथरू द्या," मी म्हणाले. "मी थांबस."

यजमानांनी वाटी खाली ठेवली आणि ते बाजूला सरकले. मग त्या आल्या, पदराने हात पुसून बसल्या, आणि वाटी डोळ्यांशी धरली. प्रत्येक थेंब पडायच्या आधी थांबत होत्या. मोठ्याने मोजत होत्या. मधेच चुकल्यासारखं वाटलं म्हणून ते पाणी अंगणात ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी वाटी पुढे केली, पण सोडली नाही. "तू दखी ले, अनसू. बराबर शे का? दखी ले ना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि वाटीत न बघता पिऊन टाकलं.